पोस्टरवरचं पोट

तोक्योच्या निशी-कसाई भागात चार मराठी माणसं जमली की कोणाचं ना कोणाचं कौतुक निघतंच. कोणाची मुलगी इथल्या मोठ्या विद्यापीठात लागली, कोणी जपानी भाषेची सगळ्यात वरची परीक्षा दिली. मला विचारलं तर मी शैलेंद्र मोघेचं नाव घेते. त्याने शोध लावला नाही, कंपनी काढली नाही. आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, त्याने अंगातला कुर्ता काढला. मी तेव्हा त्याच्या शेजारी माइक धरून उभी होते आणि इतक्या वर्षांनीही ते सांगताना माझी मान ताठ होते.

शैलेंद्र मूळचा चिंचवडचा. मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी तो जपानला आला. त्या दिवसांत आमच्या भागातून कितीतरी भारतीय कुटुंबं सामान आवरून परत गेली होती आणि नव्याने यायला कोणी तयार होत नव्हतं. घरच्यांनी नको म्हटलं तरी तो आला. बरोबर बायको शिवानी आणि नुकती चालायला लागलेली लेक कादंबरी. एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. त्यांना आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर घर मिळालं. मी दुभाष्याचं काम करते, जपानमध्ये अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे शाळेचा अर्ज असो की कचरा कुठल्या दिवशी कुठला ठेवायचा हे असो, वृंदाताईंना विचारू, असं त्यांचं ठरून गेलं.

शैलेंद्र अंगाने आडवा. खांदे रुंद, मांड्या जाड, छातीवर दाट केस आणि सगळ्यांच्या पुढे चालणारं पोट. चिंचवडला त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. त्याचे वडील तसेच, काका तसेच, लग्नात पंगतीला बसले की एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसायचे. इथे मात्र ऑफिसातले पुरुष सरळ रेषेसारखे. दुकानातली सगळ्यात मोठ्या मापाची पँटही त्याला मांडीशी अडकायची.

आणि जाता-येता जाहिराती. मेट्रोच्या तोझाई लाइनच्या डब्यात छताला टांगलेले कागद असतात, दारांच्या वर पडदे असतात. मधल्या काळात त्यांवर पुरुषांची शरीरंच शरीरं यायला लागली. केस काढून धुतलेल्या ताटासारखी गुळगुळीत केलेली छाती. तीन महिन्यांत पोट गायब करणारी जिम. खाली लिहिलेलं असायचं की स्वच्छ पुरुषच मुलींना आवडतो. त्यातून नजर काढून फोन उघडावा, तर तिकडे आपल्या सिनेमातले नायक. सिनेमाची गोष्ट कळण्याआधी नायकाच्या पोटाचा फोटो यायचा. शैलेंद्र मला पुढे एकदा म्हणाला, "ताई, मी दाराच्या काचेत बघायचो. वर तो पोस्टरवाला दिसायचा आणि खाली मी. रोज जाताना एकदा, येताना एकदा."

चाळिशी ओलांडली तशी कंपनीच्या तपासणीत त्याची कंबर मोजली गेली. इथे तशी पद्धतच आहे. नर्सने हसतमुखाने टेप गुंडाळली आणि कागदावर 'मेताबो' असा शिक्का बसला. हा शब्द जपानात शाळकरी मुलंसुद्धा पोट सुटलेल्या माणसाला चिडवायला वापरतात. त्या वर्षी ऑफिसची सहल हाकोनेला गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली. तिथे सगळे पुरुष एका कुंडात उघडेच बसतात. शैलेंद्र सर्दीचं निमित्त करून खोलीत बसून राहिला. पोहायच्या तलावावर लेकीला घेऊन गेला तरी अंगातला टी-शर्ट काढायचा नाही. फोटो काढायचा झाला की कोणाच्या तरी मागे उभा राहायचा. शिवानीच्या हे सगळं लक्षात येत होतं. तिने विषय काढला की तो हसण्यावारी न्यायचा.

शेवटी त्याने स्टेशनजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथे त्याला ओगाता-सान हे प्रशिक्षक भेटले. पन्नाशीच्या पुढचे, पूर्वी शाळेत ज्युदो शिकवलेले, मोजकं बोलणारे. पहिल्या दिवशी मी भाषेसाठी बरोबर गेले होते. शैलेंद्रने पोटाकडे बोट दाखवून "हे घालवायचंय" असं सांगितलं. ओगाता-सानांनी पोटाकडे पाहिलंच नाही. त्याला उठाबशा काढायला लावल्या, वाकून त्याचे गुडघे पाहिले आणि मला म्हणाले, "यांना सांगा, पाय फार चांगले आहेत. असे पाय मला मिळाले असते तर मी ज्युदोत अजून पुढे गेलो असतो." आपल्या शरीराबद्दल कोणी चांगलं बोललेलं शैलेंद्रने किती दिवसांनी ऐकलं होतं, कोणास ठाऊक.

पुढचं वर्षभर तो ऑफिसच्या आधी जिमला गेला. पोळीभाजी, वरण-भात सोडलं नाही. ओगाता-सानांनी फक्त रात्रीचं जेवण लवकर घ्यायला सांगितलं आणि ऑफिसच्या वाटेवरच्या कोनबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, गोड बनपासून लांब राहायला. जिना चढताना लागणारा दम गेला, जुनी पाठदुखी गेली, रक्तातली साखर खाली आली. कादंबरीला खांद्यावर बसवून तो जत्रेतून अख्खी संध्याकाळ फिरायला लागला. पोट कमी झालं, पण गेलं नाही. जे राहिलं ते घट्ट होतं आणि त्याला ते चालत होतं.

वर्ष संपताना ओगाता-सानांनी त्याचा फोटो काढला. पहिल्या दिवशी एक काढलेला होताच. दोन्ही शेजारी ठेवून शैलेंद्रने मला फोनवर दाखवले. दुसऱ्या फोटोत तो हसत होता. छातीवरचे केस तसेच, पोट जरा पुढे, उजवीकडे लहानपणी अपेंडिक्स काढल्याचा व्रण. पण उभा कसा होता, तर चिंचवडच्या घराच्या दारात उभा असल्यासारखा. जिमला भारतीय गिऱ्हाईक वाढवायचं होतं, म्हणून त्यांनी जाहिरातीसाठी हे फोटो मागितले. शैलेंद्रने आनंदाने होकार दिला.

महिन्याभरात पोस्टर लागलं. स्टेशनच्या बाहेर, माणसाच्या उंचीचं. डावीकडे पडलेल्या चेहऱ्याचा शैलेंद्र, त्याचं पोट ओढून नवव्या महिन्याएवढं केलेलं. उजवीकडे दुसराच कोणीतरी, ज्याला शैलेंद्रचं डोकं होतं. पोटावर विटा रचल्यासारखे सहा चौकोन, छातीवर एक केस नाही, रंग दोन छटा उजळ.

शिवानी पोस्टर पाहून मला म्हणाली, "माझ्या नवऱ्याला कोणी पुसून टाकलं हो?" कादंबरी तेव्हा दुसरीत होती, घराबाहेर तिच्या तोंडी जपानीच असायचं. तिने पोस्टरच्या पोटावर बोट ठेवून शांतपणे सांगितलं, "कोरे, पापा जा नाई." हे बाबा नाहीत. पोटावरची ऑपरेशनची रेघ कुठे आहे, असं तिचं म्हणणं होतं.

शैलेंद्र मात्र खूष होता. का नसावा? भारतीय दुकानात, मुलांच्या शाळेच्या दारात, लोक थांबवून हात मिळवायला लागले. पुण्याहून चुलतभावांचे मेसेज आले. ज्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं त्याच्याबरोबर लोक सेल्फी काढत होते. त्याने कोणाला खोटं सांगितलं नाही, फक्त खरं काय ते सांगायचं टाळलं. पण हळूहळू मला वेगळंच दिसायला लागलं. तो पुन्हा ढगळ शर्ट घालायला लागला. कोणी समोर आलं की पोट आत ओढून श्वास धरायचा. पोस्टर लागण्याआधी वर्षभर त्याने हे केलं नव्हतं. पूर्वी तो परक्या माणसांच्या फोटोंना लाजायचा, आता स्वतःच्याच फोटोला लाजत होता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर संजीव नावाचा इंजिनिअर राहायचा. शैलेंद्रच्याच प्रोजेक्टवर, तिशीच्या आतला, किडकिडीत, एकटा. दिवाळीला साताऱ्याला जाऊन मुली बघायच्या होत्या. शैलेंद्रला तो दादा म्हणायचा आणि पोस्टर लागल्यापासून त्याच्या मागे असायचा. काय खाता, किती खाता, किती दिवसांत झालं. शैलेंद्र त्याला ओगाता-सानांकडे जा म्हणून सांगायचा, पण संजीवला घाई होती. त्याने भात, पोळी, तेल, सगळं बंद केलं. दिवस दिवस उकडलेल्या कोंबडीवर राहिला. त्यातच कुठल्याशा व्हिडिओत त्याने ऐकलं की पोटाचे चौकोन दिसावेत म्हणून फोटोच्या आधी नट पाणी पिणं बंद करतात. त्याने पाणीही बंद केलं. ऑगस्टचे दिवस, अंगाला चिकटणारा उकाडा. ऑफिसला निघालेला संजीव स्टेशनच्या जिन्यावर कोसळला.

रुग्णवाहिकेतल्या माणसांनी त्याच्या फोनवरून शैलेंद्रला कळवलं, शैलेंद्रने मला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा संजीवला सलाइन लावलेलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, मूत्रपिंडावर ताण आलाय, वेळेवर आणलं म्हणून बरं, काही दिवस इथेच ठेवावं लागेल. हे असं का केलं, असं तिने विचारलं. मी प्रश्न मराठीत सांगितला. संजीवने फोन उघडून तिच्यापुढे धरला. त्यावर शैलेंद्रचं पोस्टर होतं.

डॉक्टरीणबाईंनी फोनकडे पाहिलं, शैलेंद्रकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं आणि त्या सभ्यपणे सलाइनची नळी तपासायला लागल्या. त्या बाहेर गेल्यावर शैलेंद्र पलंगाच्या कडेला बसला.

"संजीव, तो मी नाहीये."

"असं काय म्हणता, दादा? तुमचाच फोटो आहे."

"डोकं माझं आहे. खालचं त्यांनी कॉम्प्युटरवर केलंय. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही."

संजीवने भिंतीकडे तोंड फिरवलं. रागावला असेल किंवा त्याला रडू येत असेल, मला कळलं नाही. शैलेंद्र तिथून हलला नाही. नर्स जेवण घेऊन आली तेव्हा त्याने वाटीतला पातळ भात कालवून चमचा संजीवच्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिममध्ये गेलो. मुख्य कार्यालयातून एक व्यवस्थापक आले होते, कडक इस्त्रीचा सूट, आवाज मऊ. घडलेल्या प्रकाराबद्दल त्यांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं. पण फोटोवर थोडंफार काम सगळेच करतात, परवानगीही शैलेंद्र-सानांनीच दिली होती, असंही सांगितलं. शैलेंद्र म्हणाला, ठीक आहे, मग माझे मूळ फोटो लावा, तेही चांगले आहेत. व्यवस्थापकांनी दातांमधून हवा आत ओढली आणि ते "मुझुकाशी देसु ने" म्हणाले. अवघड आहे, असा त्याचा अर्थ. इथे राहणाऱ्याला कळतं की हा नकार असतो. मूळ फोटो पाहून कोणी जिमला येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ओगाता-सान कोपऱ्यात उभे होते. साहेबांपुढे ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसली.

रस्त्यावर आल्यावर शैलेंद्रने सायकलचं कुलूप काढलं. मग म्हणाला, "ताई, गणपतीत मंडळाने मला बोलावलंय ना, त्या दिवशी मी बोलेन ते तुम्ही जपानीत सांगाल का? जसंच्या तसं?"

आमच्या मंडळाने त्या वर्षी त्याचा सत्कार ठरवला होता. अध्यक्ष गुणवंतराव, साठीचे, स्वतः चांगले गुटगुटीत. त्यांनी हौसेने त्या पोस्टरची प्रत मागवून स्टेजवर उभी केली होती. वॉर्डाच्या सभागृहात गणपती, पुढे सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर मोठी माणसं, पहिल्या रांगेत जपानी शेजारी पाहुणे म्हणून. ओगाता-सानही आले होते. दवाखान्यातून सुटलेला संजीव मागच्या दाराशी बसला होता. शैलेंद्र काय करणार हे शिवानीला माहीत होतं आणि मला. शिवानीने त्याला सकाळी एवढंच विचारलं होतं, कुर्ता कुठला इस्त्री करू.

गुणवंतरावांनी शाल घातली, नारळ दिला. शैलेंद्रने शाल काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माइक घेतला.

"हा फोटो खोटा आहे," तो म्हणाला. मी जपानीत सांगितलं. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. "मी व्यायाम केला ते खरं आहे. पण हे शरीर माझं नाही. ते कोणाचंच नाही. त्याच्यासाठी आपला एक माणूस मरता मरता वाचला. तेव्हा माझं काय आहे ते बघून घ्या."

त्याने माइक माझ्या हातात दिला आणि कुर्ता डोक्यावरून काढला.

एक बाही मनगटाशी अडकली, ती त्याने ओढून सोडवली. मग तो पोस्टरच्या शेजारी जाऊन उभा राहिला. केसाळ छाती, रुंद खांदे, पुढे आलेलं पोट. त्याने श्वास धरला नव्हता. माइक नसतानाही त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हे माझ्या वडिलांचं पोट आहे. आजोबांचंही असंच होतं. वर्षभर घाम गाळून ते एवढं झालंय. हा व्रण चिंचवडच्या डॉक्टरांनी दिला, तेव्हा मी वाचलो. पोस्टरवाल्यांनी तोसुद्धा पुसून टाकला. माझी साखर उतरली, पाठ दुखायची थांबली, मुलीला खांद्यावर घेता येतं. यातलं काहीच त्या फोटोत दिसत नाही. मला या अंगाची फार वर्षं लाज वाटली. आता नाही वाटत."

मी ते सगळं जपानीत सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ओगाता-सान उठले. त्यांनी आधी गणपतीला वाकून नमस्कार केला, मग शैलेंद्रला. म्हणाले, मूळ फोटो मी काढला होता, त्यात हेच शरीर होतं. इतक्या वर्षांत मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. त्याचं काय केलं गेलं ते पाहून मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते. मी ते मराठीत सांगितलं तशी शिवानी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. तिच्यामागे बायका, मग मुलं, मग पुरुष. गुणवंतरावांनी स्वतःच्या पोटावर दोन्ही हात ठेवून मोकळेपणी हसायला सुरुवात केली आणि स्टेजवरचं पोस्टर उचलून भिंतीकडे फिरवून ठेवलं. संजीव मागून चालत पुढे आला. त्याने कुर्ता उचलला, बाही सरळ केली आणि शैलेंद्रच्या हातात दिला. "घाला दादा, एसी लागेल," एवढंच म्हणाला.

स्टेशनवरचं पोस्टर काही दिवसांनी उतरलं. ओगाता-सान स्वतः मुख्य कार्यालयात जाऊन बसले होते, असं कानावर आलं. त्या जागी दुसऱ्या माणसाचं पोस्टर लागलं, तसंच चौकोनवालं, आणि आजही त्या भिंतीवर कोणी ना कोणी असतंच. पण जिमच्या आत, पाण्याच्या नळाशेजारी, ओगाता-सानांनी शैलेंद्रचे दोन्ही खरे फोटो लावले. नवीन माणूस आला की ते त्याला आधी तिथे नेतात.

रविवारी सकाळी शैलेंद्र ग्योसेन पार्कात व्यायाम घ्यायला लागला. सुरुवातीला संजीव आणि दोघं-तिघं होते. मग गुणवंतराव आले, जपानी शेजारी आले, काटकुळे आले, ढेरपोटे आले. तिथे वजन कोणी विचारत नाही. संजीवचं लग्न त्याच वर्षी ठरलं. मुलीने त्याला पहिल्या भेटीत काय विचारलं, तर स्वयंपाक येतो का. उकडलेली कोंबडी सोडून काही येत नाही, असं त्याने खरं ते सांगितलं आणि ती हसली.

मागच्या वर्षी एका दुपारी भूकंपाचा जरा जोराचा धक्का बसला आणि इमारतीची लिफ्ट बंद पडली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या इशिदा आजी खाली बाजाराची पिशवी घेऊन अडकल्या होत्या. नव्वदीच्या आजी, गुडघे कामातून गेलेले. शैलेंद्र त्या दिवशी घरून काम करत होता. तो जिने उतरून खाली आला, पाठमोरा बसला आणि आजींना पाठीवर घेतलं. मी पिशवी घेऊन मागे. एकाही मजल्यावर तो थांबला नाही. आजी वाटेत त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या आणि तो हसत होता.

दारात उतरल्यावर आजींनी त्याच्या खांद्यावर दोनदा थाप मारली, घोड्याच्या मारावी तशी. लिफ्ट दुरुस्त व्हायला अजून एक दिवस लागणार, हे त्यांना खालीच कळलं होतं. त्यांनी त्याला विचारलं, "उद्या मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. तू घरी असशील ना?"